बाटलीत ऑक्सिजन नाही तरी साळीला कोंब: घरी करून बघायची पद्धत (सोलापूरच्या हवेत जमेल अशी)

आपल्याकडं ज्वारी पेरणाऱ्या कुणालाही हे वेगळं सांगायला लागत नाही की पेरणी झाली आणि त्यावर मोठा पाऊस पडला, काळ्या रानात पाणी साचलं, चार-पाच दिवस वाफसाच आला नाही, की बी आतल्या आत कुजतं आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. पाणी जास्त झालं असं आपण म्हणतो, पण बी पाण्यानं मरत नाही ओ, पाण्यानं मातीतली हवा हाकलली म्हणून मरतं. पाण्यातून ऑक्सिजन सरकायचा वेग हवेतल्यापेक्षा साधारण दहा हजार पटीनं कमी असतो, म्हणजे चिखलात अडकलेल्या बियाजवळचा ऑक्सिजन एकदा संपला की नवीन येईपर्यंत त्याचा खेळ खलास.

आणि तिकडं मावळात नायतर कोकणात भाताचं बी, म्हणजे साळ, पाण्याखाली पडलं तरी वर कोंब काढतं. नुसत्या पाण्याखाली नाही, ऑक्सिजन अगदी शून्यावर नेला तरी काढतं. हे काही नवीन शोध बिध नाही, टोकियोच्या कृषी महाविद्यालयातल्या ताकाहाशींनी १९०५ सालीच हवेशिवाय बी उगवतं का यावर लिहून ठेवलंय. शाळेच्या पुस्तकात मात्र अजून सरसकट 'उगवणीला पाणी, हवा आणि ऊब लागते' एवढंच, आणि विज्ञान प्रदर्शनात तीच घेवड्याची बी पट्टीला बांधलेली, अर्धी पाण्यात अर्धी वर. त्यापेक्षा हा प्रयोग लावा, खर्च शंभर-दीडशेच्या वर जात नाही आणि बघणाऱ्याला खरंच प्रश्न पडतो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, नाहीतर सगळा प्रयोग वाया. बाटलीत ऑक्सिजन नाही हे तुम्ही कसं सिद्ध करणार? मीटर महाग आहे. साळ उगवली म्हणून टाळ्या वाजवल्या आणि शेजारच्यानं विचारलं की 'कशावरून आत हवा नव्हती' तर उत्तर पायजे ना. त्याचं उत्तर पण बीच देतं. फ्रान्समधल्या संशोधकांनी १९८५ मध्ये वेगवेगळ्या बिया कमी कमी ऑक्सिजनमध्ये उगवून बघितल्या, त्यात सरळ दोन गट पडले. सूर्यफूल, मुळा, कोबी, जवस, सोयाबीन या तेल साठवणाऱ्या गटातल्या बिया ऑक्सिजन साधारण २ टक्क्यांवर आला की थांबतात (आपल्या नेहमीच्या हवेत तो २१ टक्के असतो). ज्वारी, मका, गहू, वाटाणा या पिठूळ बिया लई चिवट, त्या ०.१ टक्क्याच्या आसपासपर्यंत धडपडत राहतात. आणि साळ त्याच्याही खाली. म्हणजे एकाच बाटलीत सूर्यफूल, ज्वारी आणि साळ टाकली की तुम्हाला फुकटात मीटर मिळाला. सूर्यफूल थांबलं पण ज्वारीनं मूळ काढलं तर समजायचं ऑक्सिजन कमी झालाय पण आहे. ज्वारी पण थांबली आणि साळीनं कोंब काढला, तर मग तुम्ही शून्याच्या अगदी जवळ आहात. सूर्यफूल आणि ज्वारी दोन्ही आपल्याच जिल्ह्यातली, शोधत फिरायला नको.

साळ मात्र शोधावी लागते. दुकानातला तांदूळ चालत नाही, कारण गिरणीत टरफलाबरोबर त्याचा कोंबाचा भाग पण जातो. टरफलासकट अख्खं भात पायजे. मावळ, भोर, आजरा, कोकण, जिकडं तुमचे पाहुणे असतील तिकडून मूठभर मागवा, किंवा गंगावती-रायचूरकडं कुणी जाणार असेल तर त्यांना सांगा. लाह्या-चिरमुऱ्याच्या भट्टीवर पण साळ असते पण तिथं नीट विचारून घ्या, चिरमुऱ्याची साळ बऱ्याचदा आधी उकडलेली असते आणि उकडलेली साळ काय उगवणार, कच्ची असेल तरच घ्या. कृषी सेवा केंद्रातून घेतलेलं बियाणं रंगीत असेल, गुलाबी नायतर हिरवं, तर त्याला औषध चोळलेलं असतं, ते पोरांच्या हातात देऊ नका. ज्वारी मालदांडी असली तरी चालेल, घरातल्या डब्यातली पण चालते, फक्त लई जुनी नको. सूर्यफुलाची काळी टरफलवाली बी घ्या, खारवलेली भाजलेली नाही.

पहिलं काम म्हणजे तिन्ही बिया ओल्या फडक्यात बांधून उगवतात का ते बघणं. दहातल्या आठ-नऊ आल्या पायजेत. ही पायरी लोक सरळ गाळतात आणि मग बाटलीत ज्वारी उगवली नाही तर ती ऑक्सिजन नाही म्हणून की मुळातच मेलेली होती हे कळायला मार्ग राहत नाही. आणि हे फडकं तसंच पुढं पण ठेवायचं, बाटलीशेजारी, रोज पाणी मारत, कारण तुलना त्याच्याशीच करायचीय.

मग स्वच्छता. बियांवर बुरशी-जंतू असतात आणि हवाबंद पाण्यात ते इतका वास मारतात की घरातले बाटली बाहेर फेकतील. मेडिकलमध्ये सोडियम हायपोक्लोराइट मिळतं, एक भाग ते आणि चार भाग पाणी, त्यात बिया दहा मिनिटं हलवायच्या आणि मग पाच-सहा पाण्यानं धुवायच्या, वास जाईपर्यंत. हातमोजे घाला. हे द्रावण ॲसिडबरोबर नायतर बाथरूमच्या क्लीनरबरोबर कधीच मिसळायचं नाही, विषारी गॅस होतो, हे पोरांना दोनदा सांगा.

आता पाणी. साध्या पाण्यात ३० अंशाला लिटरमागं साडेसात मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन विरघळलेला असतो. ऐकायला काहीच नाही, पण बियाणं सुरू व्हायला तेवढा पण चालतो. तो काढायचा सोपा मार्ग म्हणजे पाणी पंधरा मिनिटं खळाखळा उकळणं. इथं एक सूचना, बोअरचं पाणी उकळलं की पांढरा थर बसतो, त्यानं बिघडत काही नाही पण बरणी धुरकट दिसते, फिल्टरचं घ्या. जॅमची काचेची बरणी, पत्र्याच्या झाकणाची, २५०-३०० मिलीची. प्लास्टिकची बाटली नको, प्लास्टिकमधून ऑक्सिजन हळूहळू आत झिरपतो. बरणी आधी कोमट पाण्यानं तापवून घ्या आणि मग उकळतं पाणी अगदी काठोकाठ भरा, नाहीतर तडकते. झाकण लावा आणि तशीच थंड होऊ द्या. थंड होताना पाणी आकसतं आणि वर थोडी पोकळी राहते, म्हणून दुसऱ्या छोट्या बरणीत पण तसलंच उकळलेलं पाणी झाकून ठेवायचं, भर घालायला.

थंड झाल्यावर हात लवकर चालवायचा. बिया आधीच त्या दुसऱ्या बरणीतल्या पाण्यात बुडवून हलवून घ्या, कारण साळीच्या कुसांना आणि सूर्यफुलाच्या टरफलाला हवेचे बारीक बुडबुडे चिकटतात आणि ते बुडबुडे म्हणजे ऑक्सिजनची शिदोरी. मग झाकण उघडून प्रत्येकी दहा बिया हळूच सोडायच्या, पाणी ओतायचं नाही खळाळून, चमच्यानं कडेनं भरायचं, काठावरून सांडेपर्यंत, आणि झाकण असं बसवायचं की आत एक पण बुडबुडा राहणार नाही. सूर्यफुलाची बी तरंगते, तिला झाकणाखाली राहू द्या, बुडबुडा नसला म्हणजे झालं. झाकणाच्या कडेला बाहेरून मेणबत्तीचं मेण नायतर व्हॅसलीन. जो काही थोडा ऑक्सिजन राहिलाय तो या तीस बियाच पहिल्या काही तासात श्वसनात खाऊन टाकतात, त्याची काळजी करू नका.

काही जण पाण्यावर तेलाचा थर सोडतात. तेल हवा अडवतं हा अर्धाच खरा समज आहे, तेलात पण ऑक्सिजन विरघळतो आणि त्यातून खाली येतो, वेग कमी होतो एवढंच. बंद झाकण बरं. आणि बरणीत मेणबत्ती पेटवून झाकण लावायचं ते तर अजिबात नको, मेणबत्ती विझते तेव्हा आत १५-१६ टक्के ऑक्सिजन शिल्लक असतो, ज्वारी आरामात उगवेल त्यात. टायरवाल्याकडं मिळणारा नायट्रोजन पण पूर्ण शुद्ध नसतो, थोडा ऑक्सिजन राहतोच.

बरणी अंधारात ठेवायची, फॉइल गुंडाळून कपाटात. उजेडात पाण्यात शेवाळ धरलं किंवा कोंब थोडा जरी हिरवा झाला तरी तो स्वतःच ऑक्सिजन बनवायला लागतो आणि सगळं मुसळ केरात. तिसरी मांडणी म्हणून एक उघडा काचेचा ग्लास, साधं पाणी, चार बोटं उंच, त्यात पण तीच तीन बियाणी. म्हणजे फडकं, उघडं पाणी आणि बंद बरणी असे तीन झाले.

वेळ कुठली? जून ते ऑक्टोबर सगळ्यात चांगला, घरात २७ ते ३० अंश असतं ते भाताला मानवतं. डिसेंबर-जानेवारीत पण होतं पण रेंगाळतं. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं खोलीच ३८ ला जाते, तेव्हा बी उगवण्याआधी कुजायचीच शक्यता जास्त, त्या दिवसात नका लावू.

आता काय दिसेल ते. पहिल्या दिवशी तिन्ही ठिकाणी सगळ्या बिया फुगतात. फुगणं म्हणजे उगवणं नाही, मेलेली बी पण पाणी पिऊन फुगते, तेव्हा तिथंच निष्कर्ष काढू नका. फडक्यातल्या साळीला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आधी मूळ दिसतं, मग कोंब, मग हिरवं पान. बंद बरणीत उलटं. मूळ येतच नाही. फक्त एक पांढरी बारीक नळी वर निघते, पाचव्या ते सातव्या दिवसापर्यंत दोन-तीन सेंटीमीटर, कधी जास्त, आत पान नाही, रंग नाही. याला कोलिओप्टाइल म्हणतात, कोंबाभोवतीचं आवरण. उघड्या ग्लासात याच्या मधलं काहीतरी, कोंब लांब आणि मूळ आखूड. बंद बरणीतली ज्वारी फुगून तशीच पडून, सूर्यफूल मऊ पडलेलं. तिन्ही मांडण्यांतली साळ एका काळ्या कागदावर शेजारी शेजारी ठेवून फोटो काढा, प्रदर्शनाचं पोस्टर तिथंच तयार झालं.

ही नळी म्हणजे साळीचा सगळा जुगार आहे. ऑक्सिजन नाही म्हणल्यावर एका ग्लुकोजमागं फक्त २ एटीपी (पेशीची ऊर्जेची नाणी) मिळतात, हवा असती तर तीसच्या वर मिळाले असते. एवढ्या तुटपुंज्या कमाईत मूळ, पान, कोंब सगळं वाढवणं शक्यच नाही. म्हणून साळ मूळ आणि पान थांबवून ठेवते आणि सगळं कोलिओप्टाइलवर लावते, ते पण नवीन पेशी फारशा न बनवता आहेत त्याच पेशी ताणून. नळी पोकळ असते. तिचं टोक पाण्याच्या वर निघालं की तिच्यातूनच हवा खाली बियापर्यंत पोचते आणि मग मूळ सुटतं, पान फुटतं. बंद बरणीत वर हवाच नाही म्हणून ती बिचारी नुसती वाढत राहते.

बरं, मग ज्वारी-गव्हाला हे का जमत नाही, त्यांच्यात पण पीठ आहेच की. पीठ आहे पण ते फोडून साखर करणारं अल्फा अमायलेज एन्झाइम गहू आणि बार्ली ऑक्सिजनशिवाय बनवू शकत नाहीत, कोठार भरलेलं आणि किल्ली हरवलेली अशी गत. साळ ते बनवते. पुढं साखरेचं पायरुव्हेट होतं, पायरुव्हेटचं ॲसिटाल्डिहाइड आणि त्याचं अल्कोहोल, म्हणजे यीस्ट करतं तेच. अल्कोहोल बनवण्यात बियाचा फायदा हा की एनएडी (साखर फोडताना लागणारा मदतनीस रेणू) मोकळं होत राहतं आणि साखर फोडायचं काम अडत नाही. बरणी उघडल्यावर किंचित आंबूस-दारूसारखा वास येईल, पण त्यावरून 'साळीनं अल्कोहोल केलं' असं ठोकून देऊ नका, जंतू पण तेच करतात. बिया कितीही धुतल्या तरी काही जंतू राहतातच.

कॉलेजच्या पोरांना अजून पुढं जायचं असेल तर दोन नावं वाचा. एक ओएसटीपीपी७ नावाचं जनुक, म्यानमारच्या खाओ ह्लान ओन या जुन्या भाताच्या वाणात सापडलं, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं, ते असलेलं भात पाण्याखाली जोरात कोंब काढतं. दुसरं सब१ए, ओडिशाच्या एफआर१३ए वाणातलं, त्यावरून स्वर्णा-सब१ हे वाण २००९ मध्ये भारतात आलं. या दोघांची लोक नेहमी गल्लत करतात. सब१ए हे वाढलेल्या रोपासाठी आहे, पुरात बुडाल्यावर रोप उगाच उंच न वाढता शांत बसून राहतं आणि शिल्लक वाचवतं. उगवणीला बरोबर त्याच्या उलट लागतं, पळ काढायचा असतो. तेव्हा पेरलेलं बी पाण्याखाली उगवायला सब१ चा उपयोग होईल असं पोस्टरवर लिहू नका, परीक्षक जाणता असला तर तिथंच पकडेल.

सातव्या दिवशी बरणी उघडा, मोरीत, झाकण हळूहळू फिरवत, आत कार्बन डायऑक्साइड झालेला असतो, फसफसतं कधी कधी. त्याहून जास्त दिवस बंद ठेवू नका. लगेच साळ ओल्या फडक्यावर उजेडात ठेवा. एक-दोन दिवसात मूळ निघतं आणि पांढरी नळी फाडून हिरवं पान बाहेर येतं, हे बघायला पोरं रांग लावतात. ज्वारी पण शेजारी ठेवा, दोन दिवस थांबा, बहुतेक काही होत नाही. यातल्या कुठल्याच बिया खायच्या नाहीत, कोंबड्यांना पण टाकू नका.

ज्यांना हे जमलं त्यांच्यासाठी पुढची पायरी, आणि माझ्या मते खरी मजा इथं आहे. पाखड नावाचं गवत, भातात हमखास येतं, रोप लहान असताना भातासारखंच दिसतं. ओळखायची खूण पानाच्या बेचक्यात, भाताला तिथं एक पांढरी पातळ जीभ असते, पाखडाला ती नसतेच. आपल्याकडं भात नाही तरी हे उजनीच्या कालव्याकडंला, उसाच्या पाणी साचणाऱ्या कोपऱ्यात, ओढ्याच्या काठाला सापडतं. अमेरिकेतल्या केनेडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवलं की हे शुद्ध नायट्रोजनमध्ये पण उगवतं आणि कोंब वाढवतं. शेतकरी भातात पाणी उभं करतो ते बाकीचं तण बुडून मरावं म्हणून, आणि हे मात्र त्याच पाण्याखालून वर येतं, मग भांगलणीशिवाय इलाज नाही.

याचं ताजं बी लगेच उगवत नाही, ते झोपलेलं असतं. पावसाळ्याच्या शेवटी पिकलेली कणसं झटकून बी वाळवा, काही महिने ठेवा, नायतर ओल्या फडक्यात घालून काही आठवडे फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा आणि मग फडक्यात उगवण तपासा. बाकी सगळी कृती तीच, फक्त बी बारीक म्हणून चहाच्या गाळणीत धुवा, आणि त्याच बरणीत साळ आणि ज्वारी पण टाका. कोंबाची लांबी पट्टीनं मोजून लिहायची, सगळ्या बिया मोजायच्या, सुंदर दिसतात त्या निवडून नाही. साळीचे वेगवेगळे वाण मिळाले, इंद्रायणी, आंबेमोहोर, गावठी काहीही, तर प्रत्येकाची वेगळी बरणी लावून लांबी मोजा, वाणावाणात फरक पडतो.

प्रयोग झाल्यावर साळीची रोपं कुंडीत लावा, भोक नसलेल्या डब्यात चिखल करून, चांगली येतात. पाखडाची मात्र उगवलेली, न उगवलेली सगळी बी उकळत्या पाण्यात टाकून मगच फेका, एका रोपाला हजारोंनी बी धरतं आणि तुमच्या प्रयोगापायी कुणाच्या तरी उसात ते जायला नको.